दुधात मळलेल्या दशम्या

आमच्या नगरकडे लांबच्या प्रवासाला निघताना भाकरीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. त्या भाकरीला दशमी म्हणतात. साधी भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते, दशमी दोन दिवस मऊ राहते. हे इथल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी एकदा चारचौघांत मी सांगितलं, की दूध घातल्यामुळे दशम्या आंबल्या. दशम्या आंबल्या नव्हत्या. माझ्या त्या एका वाक्याचं ओझं ज्या बाईनं वाहिलं, तिच्यासाठी हे लिहितो आहे. फार उशिरा लिहितो आहे, हेही मला ठाऊक आहे.

लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला तेव्हा मी गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झालं होतं आणि मारुतीसमोरचा मांडव अजून उतरवला नव्हता. पहाटे आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजली. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी रेडिओवर कळलं, की तिकडे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. दगडमातीची घरं होती, वर मातीचं धाबं. आमच्याकडेही निम्मं गाव तशाच घरांत राहत होतं. त्या दिवशी लोक बोलता बोलता आपापल्या भिंतींकडे बघत होते.

गाव चांगलं वागलं, हे आधी सांगितलं पाहिजे. कुणी सांगण्याची वाट पाहिली नाही. घरोघरी भाकरी थापल्या गेल्या. लसणाची चटणी, कपडे, घोंगड्या असं सगळं मांडवात येऊन पडू लागलं. घोडेगावच्या बाजारात बैल वाहणारा एक ट्रक मिळाला. दोनदा धुऊनही त्याच्या हौद्याला शेणाचा वास होता. ड्रायव्हर शेजारच्या गावचा. तो म्हणाला, "बैल उतरताना लाथा घालत्यात गुर्जी. भाकरी तरी गप उतरतील." सगळे हसले आणि मग, हसायला नको होतं असं वाटून, गप्प झाले.

बरोबर कोण जाणार हे ठरवायला वेळ लागला नाही. गावातली दोन तरुण मुलं आणि मी. आमच्या घरात वडिलांपर्यंत भिक्षुकी चालली, मी शाळेत लागलो. गावाला माझा शब्द जड वाटायचा. भाषण करायचं, अर्ज लिहायचा, भांडण मिटवायचं, तर मला बोलावणं यायचं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दिवस कलताना बौद्धवस्तीवरच्या बाया आल्या. पुढे जी होती तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिच्या डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं होतं. ते तिनं मांडवाच्या कडेला उतरवलं आणि मला म्हणाली, "गुर्जी, समद्या वस्तीच्या दशम्या हायत. म्हशीचं दूध आज डेअरीला घातलं न्हाई, त्यातच मळल्यात. दोन दिस मऊ राहत्याल. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आदी द्या."

मागची एक म्हणाली, "आमाला कुनाला पिठाला हात लावू दिला न्हाई हिनं. थापायला तेवढ्या आमी."

"मग काय तर. तू मळलं आसतं तर त्यांला दगडं पुरली न्हाईत म्हनून आजून दगडं धाडल्यासारकं झालं आसतं."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिला हा मान होता. वस्तीवरून कुणी लांब निघालं, की पीठ मळायला तिला बोलवायचे. दसऱ्याला वस्तीची माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, तेव्हाच्या दशम्याही तिच्याच हातच्या असायच्या.

त्या गेल्या. मांडवात भाकरी रचणाऱ्यांचे हात थांबले होते. एका वडीलधाऱ्यानं विचारलं, "गुरुजी, ह्या कुठं ठेवायच्या?"

प्रश्न साधा होता. बाकीच्या ठेवल्या तिथेच, एवढं उत्तर पुरलं असतं. कुणीही विरोध केला नसता असं मला आज वाटतं. त्या दिवशी माणसं वेगळ्याच मनःस्थितीत होती. मी म्हणालो, "बाजूला ठेवा. तिकडचे लोक कोण आहेत, कसे आहेत, आपल्याला माहीत नाही. ऐन संकटात कुणाच्या मनाला लागायला नको."

'मनाला लागायला नको.' मी हे समजूतदार माणसाच्या आवाजात बोललो. चौथीच्या वर्गात समतेचा धडा शिकवतानाही माझा आवाज असाच असायचा. गाठोडं हौद्याच्या कोपऱ्यात वेगळं ठेवलं गेलं.

जामखेडमार्गे आम्ही रात्रभर गेलो. सकाळी बार्शीच्या स्टँडवर पोहे खाल्ले. पुढे पाऊस लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आमच्या आधी आलेल्या गाड्यांनी टाकलेले कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडले होते. गावात गाड्या सोडत नव्हते. एका माळावर पोलिसांनी ट्रक थांबवला आणि तिथेच वाटप करायला सांगितलं.

त्या माळावरची माणसं मागायला आली नाहीत. ती बसून होती. आम्हीच हौद्याचा मागचा फळका पाडून हाका मारायला लागलो आणि ओरडून बोलावण्याची लाज वाटून आवाज खाली आणला. मग काही जण उठले. केसांत, भुवयांत माती बसलेली एक म्हातारी हौद्यापाशी आली. तिच्या हाताजवळ ते लुगड्याचं गाठोडं होतं. गाठ सैल झाली होती. तिनं आत हात घालून एक दशमी बाहेर काढली.

मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. म्हणालो, "आजी, ती नको. ही घ्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ती आमाला नाही का?" असं तिनं विचारलं. त्यात राग नव्हता. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून माणूस विचारतो, तसं विचारलं. दशमी तिनं पुन्हा आत ठेवली, वरचं कापड नीट केलं आणि काहीच न घेता माघारी गेली. मी तिच्या मागे चांगल्या भाकरी घेऊन गेलो. 'चांगल्या' हा शब्द आत्ता लिहिताना हातून आला, तो खोडत नाही. तिनं मान हलवली. तिला नको होतं.

तिचं गाव, तिची जात, तिची माणसं उरली की नाही, मला काही माहीत नव्हतं. ज्यांच्या मनाला लागेल म्हणून मी काळजी घेत होतो, त्यांतल्या एकानंही तिथे भाकरी कुणाची हे विचारलं नाही.

बरोबरची दोन मुलं मदतीला तिथेच थांबली. परत निघालो तो ड्रायव्हर आणि मी. दुपार टळली. ढाबे बंद होते. ड्रायव्हरनं गाडी झाडाखाली घेतली, गाठोडं पुढे आणलं आणि दशमीवर चटणी घेऊन खायला लागला.

"लोण्यावानी हाय की. घ्या गुर्जी."

"माझा आज शनिवार आहे."

"सकाळी पोहे हानले तवा सुक्करवार हुता व्हय?"

मी हात पुढे केला नाही. मला भूक होती. त्यानं आणखी एकदा विचारलं नाही. चार घास खाऊन तो म्हणाला, "राहिलेल्या घरी नेतो, पोरं खात्याल." मी नको म्हणालो. गाठोडं परत आलेलं कुणी पाहिलं तर प्रश्न निघतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढच्या गावाबाहेर एका गोठ्याशी मी ट्रक थांबवायला लावला आणि माझ्या हातानं दशम्या बैलांच्या गव्हाणीत टाकल्या. ड्रायव्हर खाली उतरला नाही.

लुगडं घडी करून मी वस्तीवर पोचतं केलं. ती म्हणाली, "पोचल्या का?" मी म्हणालो, "पोचल्या." इथवरच थांबलं असतं तर पाप माझ्यापुरतं राहिलं असतं.

आठवड्यानं ती दोन मुलं परत आली. मांडवाच्या जागी लोक जमले, वस्तीवरचेही आले. तिथलं ऐकता ऐकता एक मुलगा सहज बोलून गेला, "वस्तीवरचं गाठोडं तेवढं गुरुजींनी वाटू दिलं न्हाई."

वस्तीवरच्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. ती त्यांच्यातच उभी होती. मी क्षणभरही अडखळलो नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हणालो, "आंबल्या होत्या. गरम असतानाच बांधल्या असाव्यात, त्यात दूध, वरून पाऊस. आधीच पिचलेल्या माणसांना नासलेलं कसं द्यायचं? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

दूध घातल्याचं मला तिनंच सांगितलं होतं.

माझ्यावर विश्वास न ठेवायचं कुणाला कारण नव्हतं. मी गुरुजी होतो. उलट, न बोलल्याबद्दल एकानं माझा मोठेपणाच बोलून दाखवला. तिच्या शेजारची बाई मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तरी म्या म्हनत हुते, गार हू दे. लई हुशार ना ही."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या दसऱ्याला नागपूरला जायची तयारी झाली, तेव्हा पीठ मळायला तिला कुणी बोलावलं नाही. ती आपण होऊन परातीपाशी बसली, तर एकीनं परात ओढून घेतली. "राहू दे बाई. गाडीत आमची पोटं बिघडायची." तिला 'दूधवाली' म्हणायला लागले. थट्टाच होती, पण रोजची. वस्तीनं एकदाच एवढ्या लांब काही पाठवलं आणि ते हिच्यामुळे नासलं, ही गोष्ट तिच्या नावाला चिकटली.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती शाळेत आली. दाराबाहेरच उभी राहिली.

"गुर्जी, येक इचारू? वास आलता का? का नुसती तार धरली हुती?"

"का ग?"

"न्हाई, दूध तर ताजं हुतं. फडकं बी उकळून घेतलं हुतं. म्या घरी पुन्ना तशाच बांधून दोन दिस ठिवून बगितल्या. काय झालं न्हाई. मंग चुकलं कुठं, त्ये कळंना."

तिला आपली चूक शोधायची होती. मला तेव्हाच सांगता आलं असतं, व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मी तिला म्हणालो, "हवा दमट होती. तुझा काय दोष? मनाला लावून घेऊ नकोस." ती माझे आभार मानून गेली.

त्यानंतर काही वर्षं गेली. त्या काळात तिची मुलगी शाळेतून बाहेर पडली, थोरला मुलगा नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत कामाला लागला. मी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात एका वक्त्यानं भूकंपातल्या माझ्या सेवेचा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. वस्तीवरच्या बायाही मागे बसल्या होत्या, ती नव्हती. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो.

ती दारात शेंगा फोडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. दशम्या आंबल्या नव्हत्या, मी वाटू दिल्या नाहीत, म्हातारीच्या हातातली सोडवली, बैलांना घातल्या. तिचे हात चालूच होते.

"मऊ हुत्या?"

"हो. ड्रायव्हर म्हणाला, लोण्यासारख्या."

"ड्रायवर म्हनला." तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुमी न्हाई खाल्ली?"

"नाही."

"म्हंजे तिकडच्यांचं कायच न्हवतं. तुमालाच चालत न्हवती."

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत मी स्वतःशीही हे इतकं सरळ बोललो नव्हतो.

ती उठली, पदर खोचला आणि नळाकडे तोंड करून हाक मारली. "ए बायांनो, हिकडं या जरा. गुर्जींला काय सांगायचंय." बाया हंडे ठेवून आल्या. परात ओढून घेणारी त्यात होती. सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काल सभेत होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर कौतुकच होतं.

मी म्हणालो, "भूकंपाच्या वेळच्या त्या दशम्या नासल्या नव्हत्या. माझं चुकलं. गर्दीत, गडबडीत ते गाठोडं वाटायचं राहून गेलं. मी उगाच हिच्या दुधावर घातलं."

"अगं बया," एक म्हणाली. परातवाली तिच्याकडे वळून म्हणाली, "मंग तवाच भांडायचं ना माझ्याशी. गप का बसलीस?" कुणीतरी मला बसायला पाट आणला. चहा ठेवायची बोलणी झाली. एवढ्या मोठ्या माणसानं चूक कबूल केली, असंही कुणी म्हणालं.

शेंगा बाजूला सारून ती चहा ठेवायला आत गेली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि एका शब्दात ती मला तिथेच उघडं पाडू शकली असती. चहा झाल्यावर रस्त्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली.

"अर्धंच सांगितलं गुर्जी तुमी," ती म्हणाली. "माजं भागलं त्यात. पन त्या बायांनी बी थापल्या हुत्या."

मी तिला, "सांगेन," असं म्हणालो. परातवाली आता हयात नाही. बाकीच्यांपैकी तिघी-चौघी आहेत, आणि त्यांच्या नाती वाचू शकतात. त्यांना वाचून दाखवता यावं म्हणून हे लिहिलं. गडबड काही नव्हती. गाठोडं माझ्या लक्षात होतं, जाताना आणि येताना, सबंध वाटभर.