डोक्यावर वाजवलेला शब्द

सरांनी बोटं मुडपली आणि माझ्या डोक्यावर ठकठक केलं. दारावर करतात तसं.

"आहे का घरात कुणी?"

वर्ग खदाखदा हसला. मी दहावीत होते. फळ्यापाशी, सगळ्यांकडे तोंड करून उभी.

फळ्यावर इम्पर्व्हियस असा शब्द होता. खाली त्याच्या अर्थाचे आणखी शब्द. इम्पेनिट्रेबल. रेझिस्टंट. वॉटरप्रूफ. ज्याच्या आत काही शिरत नाही असं, सर म्हणाले. रेनकोट. गोदामाचा पत्रा. प्लास्टर केलेली भिंत. "आणि ही," ते म्हणाले. मग एकेकाला पुढं बोलावलं. प्रत्येकानं माझ्या डोक्यावर बोटांच्या गाठींनी वाजवायचं आणि त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा. रोजच्या बोलण्यातलं वाक्य पाहिजे, असं वरून सांगितलं.

आले. ओळीनं आले.

"रेनकोट इज इम्पर्व्हियस टू वॉटर." ठक.

"वॉल इज इम्पर्व्हियस टू साउंड." ठक.

पाटलाच्या पोरानं असं वाजवलं की डोळ्यांपुढं अंधारी आली. "शी इज इम्पर्व्हियस टू इंग्लिश." सर म्हणाले, "शाब्बास." मग मागच्या सगळ्यांनी रेनकोट सोडला आणि माझंच वाक्य केलं. ज्यांना बाराखडी धड येत नव्हती त्यांनाही ते वाक्य पाठ झालं.

शबाना माझ्या बाकावरची. तिचे अब्बा धाड गावच्या बाजारात बांगड्या विकायचे. ती पुढं आली, माझ्या डोक्यावर नुसता तळहात ठेवला आणि वाक्य केलंच नाही. सरांनी तिच्या पोटऱ्यांवर छड्या ओढल्या. तोवर मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

गुन्हा काय, तर मी उशिरा आले होते. का आले, ते सरांना पक्कं ठाऊक होतं. सकाळभर मी त्यांच्याच शेतात होते.

सरांच्या मळ्यात कंपनीचा प्लॉट होता, बीटी कपाशीचं बियाणं तयार करायचा. बौद्धवाड्यातल्या बाया आणि पोरी तिथं राबायच्या. बोंडं सडून हात हलवत बसलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाही यायच्या, पदर पुढं ओढून. शाळा सुटल्यावर आम्ही मादी झाडांच्या कळ्या नखानं सोलायचो. आतले परागाचे पिवळे दाणे खरवडून काढायचे, उघड्या कळीवर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या सकाळी नर झाडांची फुलं टोपल्यात तोडून आणायची आणि एकेक सोललेल्या कळीवर घासायची. ऊन चढायच्या आत. नाही घासलं तर कळी गळून जाते. माझी बोटं कायम सुजलेली असायची. हातात पेन धरवत नसे, आणि त्याच हातांवर सर छडी मारायचे, अक्षर वाईट म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर बांधावर आले. मायला शबानाकडून सगळं कळलं होतं. ती सरी ओलांडून त्यांच्यापुढं गेली, हात जोडले.

"सर, पोरीले तसं नका करत जाऊ. तिले शिकायचं हाये."

"मंग उशिरा काऊन येते?"

"तुमच्याच कामावर असते ना, सर."

सरांनी बोटं मुडपली. माझ्या मायच्या डोक्यावर वाजवलं. ठक ठक ठक. तिचा पदर घसरून खांद्यावर आला. "तुह्या डोक्यातही काही जात नाही. मायलेकी सारख्याच."

मायनं पदर सावरला. पुन्हा हात जोडले, पुन्हा तेच म्हणाली. तिले शिकायचं हाये. त्यांनी पुन्हा वाजवलं. या वेळी हसत. तिनं पुन्हा म्हटलं.

मी बघत होते. मायचं एक अक्षरही त्या माणसाच्या आत शिरत नव्हतं. पदवी होती, चष्मा होता, तोंडात इंग्रजी होती, आणि आत शिरायला सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती. फळ्यावरचा शब्द मला तिथं, त्या सरीत कळला. माझं डोकं तापलं.

बांधावर नर फुलांच्या टोपल्या भरून ठेवल्या होत्या. अख्ख्या प्लॉटच्या, त्या दिवसाच्या. मी टोपल्या उपड्या केल्या आणि फुलांवर नाचले. टाचांनी चिरडली. मातीत चिखल होईस्तोवर तुडवली.

सर धावत आले. माझी वेणी धरून मला खाली पाडलं. कमरेत लाथ बसली, मग पोटात. वेणी आणखी ओढायला ते वाकले, तेव्हा त्यांचं मनगट माझ्या तोंडाशी आलं. मी चावले. दात आत रुतेस्तोवर चावले. तोंडात खारट लागलं तरी सोडलं नाही.

आणि मायचा आवाज आला. जन्मभर ज्या बाईनं "हो जी, हो जी" केलं, तिच्या हातात बांधावरचा दगड होता.

"सोड तिची वेणी. नाही तं टाळकं फोडतो तुहं."

तिनं त्यांना अरेतुरे केलं. सरांनी वेणी सोडली. बाया सऱ्यांमध्ये उभ्या होत्या, एकीनंही कळीला हात लावला नाही. घासायला फुलं उरलीच नव्हती. दोन दिवसांत त्या कळ्या गळून गेल्या, असं मागून ऐकलं. मला आनंद झाला. आजही होतो.

आमचं काम गेलं. गावात कुणी दुसरं दिलं नाही. सांजेला बापानं मला मारलं, काठी मोडेपर्यंत.

"भाकरीवर पाय देला तुनं."

मायनं माझ्या पाठीला हळद लावली. म्हणाली, "उद्या शाळेत नको जाऊ वं. मारन थो."

"मारू दे. मी बी मारीन."

गेले. नेहमीचा मागचा बाक सोडून पहिल्या बाकावर बसले. शबाना शेजारी येऊन बसली. सरांच्या मनगटाला पट्टी होती. त्यांनी हजेरी घेतली. माझ्या आधीचं नाव घेतलं, माझ्या नंतरचं घेतलं, माझं गाळलं.

मी उभी राहिले. "माझं नाव राहिलं."

ते पुढं वाचत गेले. "खाली बस."

"नाव घ्या माझं."

छडी खांद्यावर बसली. मग मानेवर. मी बाकाची कड धरली होती. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. नाव घेतल्याशिवाय मी बसणार नव्हते.