वरून गार तळं

गेल्या संक्रांतीच्या सकाळी नामपूरजवळच्या कांदा वाळवण्याच्या कारखान्यात हिराबाईचे पाय भाजले. घमेलं धुवायला ती कांदा सुकवण्यासाठी उन्हाची उष्णता साठवणाऱ्या मिठाच्या पाण्याच्या तळ्यात उतरली होती. वरचं पाणी गार, तळाचं दाट खारट नि कढत, आणि कुंपण नाही.

या उष्णतेचं गणित संगणकावर मांडणारे साहेब बोलताना मांजर गोंजारावं तसं पाणी बोटानं गोंजारतात. हिराबाईची प्लॅस्टिकची चप्पल अजून पाण्यात मधोमध अधांतरी आहे. बुडत नाही, वर येत नाही. मी ती काढायला काठी घेतली, तर साहेब हळूच म्हणाले, "नको हो ताई, थर ढवळतील. आधीच बाईंनी बरीच उष्णता घालवली."

बायका आजही तिथंच घमेली धुतात. कुंपण पडेपर्यंत तिथला वाळवलेला कांदा विकत घेऊ नका.