जवसाची थप्पी

“पोतं पोत्याला धरून बसतं. आपण फक्त जागा दाखवायची.”

हे त्याचं ठरलेलं बोलणं. नवा हमाल कामाला आला की त्याला हे ऐकावंच लागे. जुन्यांना तर ते इतकं पाठ होतं, की त्यानं तोंड उघडायच्या आत कुणीतरी म्हणून मोकळं व्हायचं. तो रागवायचा नाही. मान तिरपी करून हसायचा.

आम्ही त्याला थप्पीवाला म्हणायचो. धान्याच्या त्या गोदामात पाठीवर पोती वाहणारे पुष्कळ होते, पण पोत्यावर पोतं रचून थप्पी लावणारा हा एकटाच. एक थर आडवा, त्यावरचा उभा. पोत्याचं शिवलेलं तोंड आत, बूड बाहेर. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट, म्हणजे मालाला वारा लागतो. त्याची छपराला भिडलेली थप्पी पाहिली की वाटायचं, ही कुणी रचलेली नाही, फरशीतूनच उगवून आली आहे. गहू बसतो, हरभरा कुरकुरतो, जवस पळतं, असं तो सांगायचा, घरातल्या पोरांचे स्वभाव सांगावेत तसं.

खालून पोतं देणारा त्याचा धाकटा भाऊ. दोघांत बोलणं असं नसायचंच. वरून “हं” आलं की पोतं खांद्यावरून सुटायचं आणि बरोबर हातात पडायचं. घरीही तसंच. थोरल्यानं लग्न केलं नाही. धाकटा, त्याची बायको आणि हा, तिघांची चूल एक.

मग गोणपाटाची पोती गेली आणि प्लास्टिकची आली. गोणपाट खरखरीत, एकाचा धागा दुसऱ्यात रुततो. प्लास्टिकला अंगच नाही. त्यात त्या हंगामात जवस आलं, तेलाच्या घाण्याकडे जाणारं. जवसाचा दाणा मुठीत धरला तर बोटांच्या फटीतून निसटतो.

“दादा,” धाकटा म्हणाला, “थरामध्ये जुनं गोणपाट अंथरू या. आणि छातीच्या वर नको नेऊ.”

“का रे? पोत्यांना थंडी वाजते?”

सगळे खो खो हसले. “उशीपण दे त्यांना!” कुणीतरी ओरडलं.

मुकादम दारात उभा होता. तो हसला नाही. “जमत नसेल तर तसं सांग, बाबा. वय होतंच माणसाचं.”

झालं. थोरल्यानं पुढं एक शब्द ऐकून घेतला नाही. थप्पी छपरापर्यंत गेली, सरळ, देखणी. संध्याकाळी हमालांनी लांब उभं राहून ती पाहिली, आणि तो घाम पुसत सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

दोन दिवस ती उभी होती. तिसऱ्या दिवशी मुकादमानं मूठभर नमुना मागितला. बाकीचे बाहेर ट्रक उतरवत होते. धाकटा पोकळ सळई घेऊन फटीत शिरला, आणि वरचे थर कोणी हात लावल्यावाचून सरकले. पत्त्यांच्या जुडीतून पत्ते सुटावेत, तसे. पोती फुटली, धाकटा जवसाखाली गाडला गेला. थोरला धावला, दोन्ही हातांनी उपसू लागला. एक ओंजळ काढली की दोन ओंजळी जवस आत यायचं. विहीर उपसावी आणि झरे थांबू नयेत, असं ते चाललं होतं. माणसं आली, पत्रे आडवे लावले, धाकट्याला ओढून काढलं. जीव होता. कमरेखाली मात्र जाणीव उरली नव्हती.

इस्पितळात मुकादम विचारायला आला तेव्हा धाकट्यानं डोळे न उघडताच सांगितलं, “माझंच चुकलं. खालचं पोतं ओढलं मी.”

थोरला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला कळलं, हे का. दोघांपैकी एकाचं तरी काम राहायला हवं होतं. तो गप्प राहिला.

त्या गप्प राहण्यावर घर चाललं. धाकट्याची बायको नवऱ्याची कूस बदलताना म्हणायची, “कालचं पोरसुद्धा खालचं पोतं ओढत नाही. दादांचं ऐकलं असतं तर?” धाकटा भिंतीकडे पाहायचा. थोरला ताटावरून उठायचा. गोदामात आता तो प्रत्येक थरावर गोणपाट अंथरायचा, आणि लोक म्हणायचे, जाणता माणूस तो असा.

एका सकाळी मुकादम नव्या हमालांना समजावत होता, “खालून पोतं ओढायचं नाही. याच्या भावानं तो गाढवपणा केला, बसलाय आता खाटेवर.”

“त्यानं नाही ओढलं,” थप्पीवाला म्हणाला. “थप्पीच वाईट होती. माझी होती. तो सांगत होता, मी ऐकलं नाही.”

मुकादमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “असा भाऊ सगळ्यांना मिळो. जा, तिकडे गहू येऊन पडलाय.”

त्यानं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. नवे हमाल आदरानं त्याच्याकडे पाहत राहिले.

घरी येऊन तो खाटेशी बसला. “सांगितलं मी त्यांना, थप्पी माझीच वाईट होती म्हणून.”

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. “कुणी विचारलं होतं तुला? आता खायचं काय?”

“कुणाला खरं वाटलं नाही.”

धाकटा हसला. कंबर मोडल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. “मग काय, जा उद्या परत कामाला.”

चुलीपाशी त्याची बायको पीठ मळत होती. तिचे हात थांबले होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरला. रोज ती तो दादांच्या हातात द्यायची. आज उंबऱ्यावर ठेवला आणि बाजूला झाली. त्यानं वाकून उचलला. रस्ता पुढं जाऊन फुटतो, एक गोदामाकडे, एक एसटीच्या थांब्याकडे. ती दारात उभी राहिली.

आतून खाटेवरून आवाज आला, “कुठं वळला?”

तो फाट्यावर बराच वेळ थांबला होता. मग डबा या हातातून त्या हातात घेऊन चालू लागला.

“गोदामाकडे,” ती म्हणाली, आणि तो दिसेनासा झाला तरी आत आली नाही.