एका बाईला एक फडकं

नवरा जिवंत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि डोक्याचा चकोट. वालूरची गयामाय एका सकाळी अशी जिनिंगात येऊन बसली. आजही ते आठवलं की कौतुक नंतर वाटतं, राग आधी येतो.

नामांतराचे दिवस होते. सेलूकडच्या त्या जिनिंगात आम्ही बाया कापसातला कचरा वेचायचो. हवेत तूस इतकं, की संध्याकाळी थुंकीही पांढरी. म्हणून घरून जुन्या लुगड्याची चिंधी आणून नाकातोंडाला बांधायचो. "भाकर इसरली तर चालंल, चिंधी इसरू नका गं," गयामाय म्हणायची.

मग परदेशातून तक्रार आली. कापसाच्या गाठींत रंगीत धागे निघाले, बाईचे केस निघाले. शेठने चिंध्या बंद केल्या आणि प्रत्येकीला एक पांढरं फडकं दिलं, डोक्याला बांधायला. गयामायने तोंडासाठी दुसरं मागितलं.

"एका बाईला एक फडकं," शेठ म्हणाला.

"केस पडला तर तुमची गाठ वापस येती, शेठ. आमची छाती गेल्यावर कोन वापस पाठवायलंय?"

शेठ हसला. मेल्याचं ते हसणं मी विसरलेले नाही. पदर दातांत धरावा, तर वाकलं की सुटायचा. आठवडाभर गयामाय खोकत राहिली आणि मग तिने केसच उतरवले. "आता डोक्यावरून काय पडायलंय?" म्हणत फडकं तोंडाला बांधून बसली. आम्ही माना खाली घालून रडत होतो. शेठला तिच्या छातीचं काही नव्हतं. सकाळी सकाळी बोडक्या बाईचं तोंड दिसलं, अपशकुन झाला म्हणे. त्याने तिला हाकललं. जाताना ती म्हणाली, "रडू नका गं, तूस लय जातंय नाकात."

पुढच्या हंगामात दुसरं फडकं मिळालं. सांगायला मी वालूरला गेले. गयामायचे केस वाढले होते, पण दम लागून तिला उठवत नव्हतं.

"आपल्यासाठी दिलं का कापसासाठी?"

खोटं बोलणं जिवावर आलं. "कापसासाठी, माय. खोकताना थुंकी उडती म्हून."

दम खाऊन ती म्हणाली, "बांधा. पन कुनी त्याची मेहरबानी मानू नका."

होळीच्या आधी ती गेली. आम्ही सगळ्या मातीला गेलो. दुसऱ्या दिवशी शेठ दारातच उभा. "दोन-दोन फडकी दिली, तरी खाडा?"

तो बाजूला होईपर्यंत आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलो.