मारुतीम्होरचं पाच बार

आमच्या शिवारात बंदूक माझ्यावानी साफ कुनीच ठिवत न्हवतं. बंदूक मातर सासऱ्याची हुती, आन ती घान करनारा बी मीच.

मिरजगावाच्या बाजूला एका गावात मी घरजावई हुतो. घरजावयाची किंमत काय, तर कुत्र्याला ‘हाड’ म्हनत्यात आन जावयाला ‘या’ म्हनत्यात, एवढाच फरक. पर सासऱ्याचा मान मोठा. चैतात मारुतीच्या जल्माला पालखी देवळाभाईर पडली की तिच्याम्होरं बंदुकीचं पाच बार काढायचं, ह्यो त्येंच्या घराचा मान, आज्यापंज्यापासनंचा. सासऱ्याच्या डोळ्यात फूल पडलं, दिसंना झालं, खांदा धरला, तवा बंदूक माझ्या हातात आली. गावाचं नशीब.

बंदूक एकनळी. मधी मोडायची आन मागनं काडतूस घालायचं. दुकानातली काडतुसं आमच्याकडं न्हवती. पितळंची जुनी काडतुसं हुती, ती आमी घरीच काळ्या दारूनं भरायचो. दारू म्हनलं की माझं त्वांड फुलायचं, पर ही प्यायची न्हवती, ही नुस्ती घान करायची. तशी दुसरी बी तेच करती म्हना.

ह्या दारूचा एक बार काढला की नळीत काळं किटन बसतंय. पावसुळ्यात ते मऊ तरी ऱ्हातंय. चैताच्या उनात वाळून तव्याच्या बुडावानी कडक हुतंय. दुसऱ्या बाराला त्येच्यावर आनखी थर. तिसऱ्याला काडतूस आत जाता जात न्हाई, आन गेलंच तर भाईर निघत न्हाई.

आन ते किटन काढायचं काम! नळीत आधनाचं पानी वतायचं. खालनं जे गळायचं ते काळं, बुळबुळीत, आन वास सडक्या अंड्याचा. गजाला फडकं गुंडाळून वढलं की असा आवाज यायचा, जसं एखादं म्हातारं खाकरून बेडका काढतंय. ते हाताला लागलं की साबन झिजायचा, वास झिजायचा न्हाई. एकदा मी डाव्या हातानं भाकर मोडाय लागलो, तर सासू म्हनली, “जावयबापू, आवं डाव्या हातानं?”

“मामी, उजवा मेलाय. वास यायलाय त्येचा.”

सासू ताट घिऊन लांब जाऊन बसली.

पयल्या साली मी शक्कल लढवली. हिरीवरच्या इंजनाला जे वंगन लावत्यात, तेच नळीत लावलं. एवढं इंजन पळतंय, तर बंदूक का पळनार न्हाई? काळी दारू आन इंजनाचं तेल एक झालं की त्येचं डांबर हुतंय, हे मला पालखीम्होरंच कळलं. तिसरं काडतूस आत रुतलं. मी बंदूक मांडीत धरून वढतोय, भोई पालखी खांद्यावर घिऊन घाम गाळत्यात, आन माझ्या हातातोंडाला डांबर. तवर दुसऱ्या भावकीतला पैलवान दुकानातली काडतुसं घिऊन म्होरं आला, आन राह्यलेलं बार त्येनं काढलं.

पंचातला म्हातारा सासऱ्याला म्हनला, “औंदा चालवून घेतलं. पुढल्या साली पाच पुरं न्हाई झालं, तर मान पैलवानाच्या घरी.”

सासरा त्या दिशी जेवला न्हाई. त्येनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो. तसा मी जेवलोच, पर सुखानं न्हाई.

दुसऱ्या साली फागुन सरता सरता त्येनं मला जवळ बसवलं. दात सगळं गेल्यालं, बोलनं निम्मं हिरड्यातच ऱ्हायचं. “जावयबापू, वंगन नगं. बार झाला की बंदूक मोडायची, काडतूस काढायचं आन मागनं नळीत फुकायचं. तोंडाच्या वाफंनं किटन मऊ पडतंय. आन दारूवर पुठ्ठा ठिवला की त्येच्यावर चरबट कायतरी दाबायचं. मंग थर धरत न्हाई.”

चरबट म्हंजी त्येच्या मनात तूप. मला ऐकू आलं चरबी. माझं कान डोक्याला न्हाईत, पोटाला हायेत.

गेलो खाटकाकडं. त्येनं बकऱ्याची चरबी फडक्यात बांधून दिली. मी आळशी, दोन दिस ती गोठ्यात खुटीला तशीच टांगून ठिवली. सोडली तर माशांचं मव्हाळच उठलं. गोठ्यामागं फुटक्या डेचकीत ती कढवाय लागलो, तर तिचा असा वास सुटला की बैलांनी वैरन सोडली. वरनं पिवळा फेस, खालनं करपलेलं तुकडं. मी पदर नाकाला लावला असता, पर मला पदर न्हवता.

सासू नाक दाबून आली. “काय मेलंय हितं?”

“मामी, बंदुकीचं औषध हाय.”

“बंदूक आजारी हाय का तुमी?”

त्यात मधाच्या पोळ्याचं मेन घातलं, थंड केलं, आन रिकाम्या काडतुसाच्या तोंडानं गोल चकत्या पाडल्या. एकेक चकती एकेका काडतुसात दाबून बसवली. सासऱ्याला डोळ्यानं दिसत न्हवतं, आन नाक तपकिरीनं बंद. त्येनं काडतुसं हातानं चाचपली आन म्हनला, “बेस.”

जल्माच्या दिशी पालखी पारापाशी आली तवर ऊन चढलं हुतं. पयला बार दनकून गेला. बंदूक मोडली, काडतूस आपसूक हातात! मी मागनं त्वांड लावून फुकलं. त्या नळीची चव म्हंजी खारट, सडकी, आन वरनं बकरं. त्वांड भरून थुकनार, तेवढ्यात कुनीतरी वरडलं, “पालखीम्होरं थुकू नगा!”

गिळलं. आजून बी ते कुटंतरी आत हाय.

“फुका जावयबापू, पुंगी फुका! नाग निघल!” पोरं वरडाय लागली.

दुसरा बार झाला. तिसऱ्याला काडतूस लोन्यात बोट जावं तसं गेलं. माझी छाती फुगली. मागनं मातर बाया पदर नाकाला लावून इचारत हुत्या, “बया, आज मटान कुनी लावलंय?” मारुतीच्या जल्माला आमच्या गावात अंडं बी फुटत न्हाई.

चौथ्या बाराची चकती वर गेली आन अर्धी जळून पुजाऱ्याच्या उपरन्यावर येऊन चिकाटली. त्येनं ती झटकली, तर दोन कुत्री तिच्यावर पडली. पैलवानानं कुत्र्यांच्या तोंडातनं तुकडा वढला, बोटात चोळला, हुंगला.

“बकऱ्याची चरबी! मारुतीला बकरं दावलं ह्यानं!”

हलगी थांबली. पालखी थांबली. सासऱ्यानं माझ्या बाजूला त्वांड केलं. “काय म्हनतोय त्यो?”

“चरबी, मामा. तुमीच तर म्हनलात.”

“चरबट म्हनलो मी, चरबट! तूप, येड्या, तूप!” आजवर त्येनं मला एकेरी हाक मारली न्हवती.

पैलवान बंदूक खांद्यावर टाकून म्होरं आला. “पाचवा मी काढतो.”

सासऱ्यानं हात आडवा धरला. “चार झाल्यात. पाचवा बी ह्याच बंदुकीचा. पंचांनी सांगावं.”

पंचातला म्हातारा म्हनला, “चरबी असल तर न्हाई.”

“न्हाई ठिवत.” सासरा खाली बसला, काडतूस मागितलं आन चकती नखानं उकरून फेकली. मंग पुजाऱ्याकडं हात केला. “देवाचं निरांजन द्या.” निरांजनातली तुपात भिजलेली फुलवात त्येनं इझवली, काडतुसात बोटानं दाबली, आन बंदूक घिऊन हुबा ऱ्हायला. धरल्याला खांदा, डोळ्यात फूल. म्हनला, “आभाळाला नेम लागत न्हाई.” आन दाबला घोडा.

पाचवा बार साऱ्यात मोठा झाला. हलगी पुन्हा लागली. पंचातल्या म्हाताऱ्यानं गोमूत्र मागवलं, पालखीवर शितडलं, बंदुकीवर शितडलं, आन उरलेलं तांब्याभर माझ्या डोक्यावर वतलं. म्हनला, “पाच पुरं झालं. मान हाय तिथंच.”

मी गोमूत्र पुसत सासऱ्याजवळ गेलो. “मामा, मान ऱ्हाईला!”

त्येनं खांदा दाबत माझ्या दिशेनं नाक केलं. आज पयल्यांदा त्येला वास आला असावा.

“ऱ्हाईला तो बंदुकीचा. पुढल्या साली तुमी पालखीमागं झांज धरा. तिच्यात काय भरावं लागत न्हाई.”