सखारामचं बोट

सिद्धता लिहून झाली की गुरुजी ती भूमितीच्या दुसऱ्या मास्तराला कधी दाखवत नसत. शाळेच्या शिपायाला, सखारामला वाचायला देत. सखाराम चौथी शिकलेला. एकेका ओळीवर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचायचा. बोट थांबलं की गुरुजी तिथं तांबड्या पेन्सिलीनं खूण करायचे. "तो नाई अडला, मीच लिहितानी घसरलो," म्हणायचे.

गुरुजी मेडशीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. वाशीमच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवत होते. जिथं मास्तर पोचत नाही तिथल्या पोरांना एकट्यानं वाचून समजेल अशी भूमिती मराठीत लिहायची, हा एकच ध्यास. पान उलटलं की तीच आकृती ते पुन्हा काढायचे. कागद महाग, म्हणून मी कुरकुरायचो. "पान उलटलं का मानूस मागचं इसरते, बापू. त्याले परत कायले पाठवू?"

मी तेव्हा नवा मास्तर, नागपूरहून बी. ए. होऊन आलेला. डोक्यात हवा. एकदा त्यांच्या पुस्तकासाठी एक सिद्धता लिहिताना ऐटीत लिहिलं, 'हे उघडच आहे.'

"ज्याले उघड दिसते, त्याच्यासाठी तू कायले लिहून राह्यला?" एवढंच बोलले. मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला.

छातीचं दुखणं बळावलं तेव्हा पुस्तकातली एकच सिद्धता उरली होती, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरच्या चौरसांची. त्यांना लिहवत नव्हतं, म्हणून ती मला लिहायला सांगितली. "सखारामनं न थांबता वाचलेली आयकू दे, मंग मी मोकळा."

मी लिहून नेली. खाटेशी बसून सखाराम वाचू लागला आणि 'म्हणून दोन्ही कोन सारखे' यावर बोट थांबलं. "काहून सारखे, मास्तर?"

"चौथीवाल्याला नाही समजायचं ते," मी म्हणालो. गुरुजी रागावले नाहीत. उशाजवळची तांबडी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि कूस बदलली.

घरी येऊन चिडतच पुन्हा वाचलं, तर मी गाळलेली ओळ सापडली. दोन्हीकडे काटकोनात तोच एक कोन मिळवलेला आहे. बस्स, एवढीच ओळ. ती त्याच संध्याकाळी लिहून झाली होती. पण शिपायापुढे चूक कबूल करायची, या लाजेनं मी दोन दिवस घालवले. याची बोच अजून जात नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर अंगणात माणसं जमली होती.

तेरावं झाल्यावर शाळेच्या पायरीवर सखारामला तो कागद दिला. बोट शेवटच्या ओळीपर्यंत कुठंच थांबलं नाही. कागदाची नीट घडी करून त्यानं माझ्या हातात ठेवली.

"समजलं, मास्तर," तो म्हणाला. "आता कोनाले सांगू?"