मी लिहिलं, वास नाही

आमचं घर रोडपालीच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून. जोतं वीतभर. उधाणाचं पाणी चढलं की गटार घेऊन थेट चुलीपर्यंत यायचं. आई तांदळाचा डबा खाटेवर ठेवायची आणि आम्हाला डब्याशेजारी. बाबा नाक्यावर मजुरीला उभे राहायचे, चर खणायला जायचे. दर वर्षी म्हणायचे, "औंदा जोतं उचलू." भरावाची माती विकत घ्यायची ऐपत कधी आली नाही.

माझा गणवेश त्याच ओलीत वाळायचा. चौथीत बाईंनी वर्गासमोर नाकाला रुमाल लावला. "वास येतो गं तुझा. दाराशी बस." बसले. दहावीपर्यंत मला कुणी आत बोलावलं नाही, मीही गेले नाही. दाराशी बसून शिकले. बी.एस्सी. केमिस्ट्री. घरात पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते.

नोकरी लागली ती मलवाहिनीच्या कामावर, ठेकेदाराकडे. रस्ता खणून मोठे पाइप टाकायचे होते. त्या पट्ट्यात पूर्वी केमिकलचा कारखाना होता, म्हणून मातीची तपासणी. नियम साधा. विषारी वायू मोजणारा मीटर दोरीला बांधून आधी खड्ड्यात सोडायचा, मग माणसानं उतरायचं. माती काळी, वासाची निघाली तर काम थांबवायचं, ती ताडपत्रीवर वेगळी ठेवायची, नमुना पाठवायचा. खड्ड्यात साचलेलं पाणी टँकरनं न्यायचं, नाल्यात सोडायचं नाही. नोंदवही माझ्या ताब्यात. पानाखाली माझी सही. मला त्या सहीचं केवढं अप्रूप होतं.

तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी लागलं. वर रंगीत तवंग. मी मीटर मागितला. साइट इंजिनिअर साहेब खुर्चीत चहा पीत होते.

"मीटर चार्जिंगला आहे," ते म्हणाले. "हिलाच सोडा खाली. हिच्या बापजाद्यांनी गटारंच काढलीत. हिचं नाक मीटरहून पक्कं."

पोकलेनवाला हसला. मुकादम हसला. मुकादम आमच्याच वस्तीतला.

मी उतरले. नोकरीचा तिसरा दिवस होता. शिडीच्या शेवटच्या पायरीवर डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. वर येऊन ओकले.

"काय केमिस्ट्रीबाई, काय म्हणतंय नाक?"

"केमिकल आहे, साहेब."

"लिही. वास नाही."

मी लिहिलं. वास नाही. पुढचे पंधरा दिवस रोज उतरले, रोज तेच लिहिलं. खड्ड्यातलं पाणी पंपानं नाल्यात जात राहिलं. नाल्याच्या तोंडाशी आई चिखलातले मासे, निवट्या धरते. तिला एवढंच म्हटलं, तिकडे जाऊ नकोस. का, ते सांगितलं नाही.

एका संध्याकाळी घरी आले तर दारात काळी माती. बाबा ती जोत्यावर धुमसानं ठोकत होते. माझ्या निकालालाही ते इतके खूश नव्हते.

"बग बाय, तुज्याच सायटीची हाय. डायवरला तुजं नाव सांगितलं. दोन गाड्या टाकल्या त्यानं, फुकट."

"बाबा, ही माती वाईट आहे. विष आहे तिच्यात."

धुमस थांबला. "वयीत काय लिवलंस?"

मी दारातली माती पायानं बाहेर सारली.

"मुकादम बोलत व्हता, वास नाय असं तूच लिवलंस. म्हनून तर सगल्यांना वाटली."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी सारलेली माती आत ओढून ते पुन्हा ठोकायला लागले. आतून आई म्हणाली, "वासाचं काय गं, आपल्याला कदी नव्हता?"

सकाळी साहेबांनी शिडीकडे बोट केलं. मी म्हटलं, "आधी मीटर उतरेल. मी नाही."

"तुम्हाला शिकवलं की हे असं होतं."

"हो. असंच होतं."

वही उघडली. प्रत्येक 'वास नाही'वर रेघ मारली. लिहिलं, वास आहे. पाण्यावर तवंग आहे. आधीचं खोटं मीच लिहिलं. माती कुठे टाकली, त्या रकान्यात आमच्या रांगेतली घरं लिहिली. पहिलं आमचं. खाली सही. वही आणि काळ्या मातीची बाटली घेऊन, ज्यांचं हे काम होतं त्या सरकारी कार्यालयात गेले. दुपारपर्यंत बाकावर बसवलं. बाक दाराशीच. मग मी उठले आणि न बोलावता आत गेले.

नमुना तपासला गेला. अहवाल वाईट आला. महिनाभर काम बंद. मला ठेकेदारानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. साहेब दुसऱ्या साइटवर आहेत, खुर्चीतच असतील. वस्तीतले म्हणतात, "हिच्यामुलं फुकटची माती बंद झाली." उधाण त्यांच्याही चुलीत येतं.

झालं ते एवढं. त्या कामावर आता मीटर आधी उतरतो, माणूस नंतर. पाणी टँकरनं जातं. आमच्याकडे अजून लादी नव्हती, म्हणून आमच्या जोत्यातली माती ठेकेदाराच्या माणसांनी उकरून नेली, जोतं पुन्हा वीतभर झालं. बाकीच्या घरांत लादी बसलीय आणि लादीखाली ती माती तशीच आहे. काढायला कुणी येत नाही. घरवालेही नको म्हणतात. प्रत्येक घरासाठी मी वेगळा अर्ज दिलाय, प्रत्येकाची पोच घेतलीय. ती माती माझ्या सहीवर आत गेली. ती बाहेर निघेपर्यंत मी सही करत राहणार.